पिकपाहणी

आमचे नानामामा पाहुणे म्हणून येत नाहीत, पाहणीला येतात. बत्तीस वर्षं परभणी जिल्ह्यात तलाठी होते. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. दप्तर जमा केलं, नजर जमा करायची राहून गेली. मागं काशीयात्रा करून आले तेव्हा गंगेचं वर्णन ऐकायला सगळं घर पुढ्यात बसलं होतं. मामा म्हणाले, "पलीकडच्या अंगाला मळई झकास हाय. टरबूज लई चांगलं येईल." सोबत जाऊन आलेल्या मामींनी कपाळाला हात लावला.

त्यांच्या खिशात एक डायरी असते. प्रत्येक गावाला एक पान. पानावर फूटपट्टीनं आखलेले, गाव नमुना बारासारखे रकाने: पिकाचं नाव, बियाणं, पाण्याचं साधन, शेरा. आणि अगदी तळाला 'खासियत'. त्या गावची म्हणून जी वस्तू असेल ती विकत घ्यायची आणि किंमत तिथं टाकायची. कोल्हापूरची चप्पल, सोलापूरची चादर, नागपूरची संत्राबर्फी. खरेदी झाल्याशिवाय पान बंद होत नाही आणि पान बंद झाल्याशिवाय मामा गाव सोडत नाहीत. ही दुसरी गोष्ट बायकोनं मला लग्नाच्या वेळी सांगितली नव्हती.

तर असे हे मामा गेल्या माघात अर्ध्या तिकिटात वल्लभनगरच्या एसटी स्टँडवर उतरले. गाडीत बसल्या बसल्या डायरी उघडली. "जावईबापू, तुमच्या गावात बघण्यासारखं काय हाय?"

मी एकोणीस वर्षं पिंपरी-चिंचवडमध्ये राहतो. या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडं पाठ असतं. "काही नाही हो मामा. कंपन्या आहेत. रविवारी आपण पुण्याला जाऊ. शनिवारवाडा, दगडूशेठ, तुळशीबाग." इथला माणूस आल्या-गेल्याला पुणं दाखवतो, भाडेकरूनं घरमालकाचा दिवाणखाना दाखवावा तसं.

"तुम्ही पुण्यात राहता का?"

"नाही."

"मग तिथं कायला जायचं?"

आणि डायरीवर 'मौजे पिंपरी-चिंचवड' असं लिहिलं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठायच्या आत मामा सोसायटीच्या गेटवर हजर होते. आमच्या अकरा मजली इमारतीकडं बोट करून वॉचमनला विचारत होते, "इथं आधी काय पिकत व्हतं?" वॉचमन बिहारचा. तो म्हणाला, "चाचा, हम तो पिछले साल आए हैं." मग मामांनी दूधवाल्याला, इस्त्रीवाल्याला आणि लिफ्टमध्ये भेटलेल्या सेक्रेटरींना विचारलं. इस्त्रीवाला लातूरचा निघाला, दूधवाला बीडचा आणि सेक्रेटरी जळगावचे. शेवटी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिराच्या पायरीवर एक म्हातारबा सापडले. "ज्वारी. हरभरा. थोडा भुईमूग," ते म्हणाले. मामांचा चेहरा असा उजळला की जणू हरवलेला सातबारा मिळाला. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीला याच देवळात मुक्काम करते, हे मला त्या म्हातारबांनी सांगितलं. मला पालखी माहीत होती ती 'जुना हायवे बंद, पर्यायी मार्गानं जावे' या रूपात.

म्हातारबांनी मामांना सगळी फेरफार नोंद तोंडी दिली. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, मग जमिनी गेल्या, टेल्को आली, बजाजची स्कूटर आकुर्डीतून निघायला लागली. पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी अशी चार गावं एकत्र करून १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. "पैसे आले, बैल गेले, पोरगं कंपनीत लागलं," एवढ्यात त्यांनी उरलेला इतिहास संपवला. मामांनी विचारलं, "एकरी काय भाव मिळाला व्हता?" त्यावर दोघं जवळ सरकले आणि मला चहा आणायला पाठवलं.

दुपारी चिंचवडगाव. पवनेच्या काठी मोरया गोसावींचं समाधी मंदिर आहे. 'गणपती बाप्पा मोरया'मधला मोरया तो हाच, असं परंपरा सांगते. मी नमस्कार करून तीर्थ घेतलं. मामा नमस्कार करून पुजाऱ्यांकडं वळले, "देवस्थानाला इनाम गावं किती व्हती?" इथल्या देव घराण्याला मराठ्यांनीही सनदा दिल्या आणि मोगलांनीही, हे ऐकल्यावर मामांनी पुन्हा एकदा हात जोडले. आधीचा नमस्कार गणपतीला होता. हा दुसरा, दोन वैऱ्यांच्या राज्यांत एकाच जमिनीचं रेकॉर्ड सांभाळणाऱ्या कारकुनाला असावा.

तिथून चालत चापेकर वाडा. माझ्या लेखी चापेकर चौक म्हणजे फर्स्ट शिफ्टची बस थांबते ती जागा. पुतळे आहेत हे माहीत होतं, पण सकाळी त्या वेळेला वर मान केली की बस जाते. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघे भाऊ या घरातले. पुण्यात प्लेगच्या नावाखाली घराघरांत घुसून जो धुमाकूळ चालला होता, त्याचा अधिकारी रँड. राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून गणेशखिंडीत मेजवानी होती. त्या रात्री, २२ जून १८९७ ला, रँडला गोळी घातली. दामोदरना १८ एप्रिल १८९८ ला फाशी झाली, वासुदेवना ८ मे १८९९ ला आणि बाळकृष्णना त्यानंतर चार दिवसांनी.

मामा त्या वाड्यात बराच वेळ काही बोलले नाहीत. डायरीही निघाली नाही. बाहेर येऊन चपला घालताना म्हणाले, "एका घरातले तिघं. वारस नोंद कुणाची लागली असंल?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्या दिवशी पुढं त्यांनी कशाचं क्षेत्र विचारलं नाही.

तिसरा दिवस खरेदीचा. बायकोनं पिंपरी कॅम्प सुचवला. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची ही वसाहत. आज सगळ्या पंचक्रोशीचा लग्नाचा बस्ता इथं बांधला जातो. आधी दाल-पकवान खाल्लं. मामांनी पकवान दोन बोटांनी वाजवून पाहिलं, डाळीत बुडवलं आणि निकाल दिला, "आपलंच वरण हाय. पोळीला फक्त कडक इस्त्री मारलीय."

मग साडीचं दुकान. आमची माणसं घासाघीस करताना उठून निघून जायचं नाटक करतात. मामांची पद्धत वेगळी. ते भावाचं नावच काढत नाहीत.

"तुम्ही कुठले?"

"इथलेच," दुकानदार अस्सल मराठीत म्हणाला.

"त्याच्या आधी?"

"आजोबा शिकारपूरचे."

"जमीन व्हती?"

"होती म्हणतात."

"किती?"

साडीची घडी मोडणारा दुकानदाराचा हात थांबला. "एवढी वर्षं दुकानात आहे काका, हे कुणी विचारलं नव्हतं." त्यानं गादीवर बसलेल्या वडिलांना हाक मारली. पुढचा पाऊण तास ते सिंधी आजोबा आणि मामा मिळून सिंधू नदीचं पाणी शिकारपूरच्या शेतांना देत होते. दुकानात गिऱ्हाईक वाढलं तरी दोघांना पत्ता नव्हता. साडीचे दोनशे रुपये आपोआप कमी झाले. मामांनी साडी मामींसाठी घेतली, पण डायरीत नोंद केली नाही. "ही खासियत न्हाई. सुरतेचा माल हाय."

परत येताना मोरवाडीजवळ हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची पाटी दिसली. आम्ही तिला 'एचए' म्हणतो आणि पत्ता सांगायला वापरतो. १९५४ साली स्थापन झालेला हा सरकारी कारखाना. देशातलं पेनिसिलिन इथं बनायला लागलं. मामांनी गाडी थांबवायला लावली. लहानपणी त्यांना न्यूमोनिया झाला होता आणि जिंतूरच्या डॉक्टरनं पेनिसिलिनची सुई दिली होती. फाटकाबाहेर उभं राहून त्यांनी कारखान्याला हात जोडले. फाटकावरच्या माणसाला वाटलं, जुने कामगार आहेत, थकबाकी मागायला आलेत. तो लगबगीनं आत गेला.

शनिवारी चाकण. "तिथं काय आहे मामा? एमआयडीसी आणि ट्रॅफिक." माझी कंपनी चाकणलाच आहे. अकरा वर्षं जातोय. मोशी ओलांडली आणि गाडी थांबली ती थांबलीच. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, डावीकडं नव्याकोऱ्या गाड्या वाहून नेणारा लांबलचक ट्रेलर. मामा कौतुकानं बघत होते. त्यांच्या हिशेबी हा पोळाच होता, मिरवणूक फक्त पुढं सरकत नव्हती.

चाकणच्या भर वस्तीत संग्रामदुर्ग आहे. भुईकोट. थोडी तटबंदी, बुरुजांचे अवशेष, खंदकाची खूण. अकरा वर्षांत मी तो पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर ते एखाद्या हॉटेलचं नाव असावं अशी माझी समजूत होती. १६६० साली शाईस्तेखानानं प्रचंड फौजेनिशी या चिमुकल्या कोटाला वेढा घातला. आत फिरंगोजी नरसाळा आणि मूठभर माणसं. भर पावसाळ्यात जवळजवळ दोन महिने कोट लढला. शेवटी मोगलांनी भुयार खणून बुरूज सुरुंगानं उडवला तेव्हा कुठं हाती आला.

"दोन महिने!" मी म्हणालो.

"तव्हा ट्रॅफिक नव्हतं," मामा म्हणाले. पुढं तटाला हात लावून माती बोटांत चुरली आणि पुटपुटले, "एवढ्याशा क्षेत्रासाठी."

मग बैलबाजार. कारखान्यांच्या चिमण्यांच्या शेजारी शनिवारी इथं गुरांचा बाजार भरतो, यावर माझा विश्वास बसेना. मामांनी चार बैलांचे दात पाहिले, कुणाच्यातरी उपरण्याखाली बोटं दाबून भाव केला आणि काहीही विकत न घेता अत्यंत समाधानानं बाहेर आले. कांदा बघितला. चाकणच्या कांद्याचं नाव मोठं. "खासियत मिळाली की मामा, घ्या एक गोणी!" मी घाईनं म्हणालो.

"घरी दोन ट्रॉल्या पडलाय."

पान काही बंद होईना. रविवार गेला. बायको माझ्याकडं आणि मी कॅलेंडरकडं बघायला लागलो. सोमवारी संध्याकाळी चिखलीत एका भंगारवाल्याच्या दुकानापुढं मामा एकदम थांबले. काळपट तेलात माखलेल्या ढिगातून त्यांनी एक बेअरिंग उचललं. धोतराच्या सोग्यानं पुसलं. आतल्या कड्यात डाव्या हाताचं बोट घातलं आणि उजव्या हातानं बाहेरचं कडं फिरवलं. सर्रर्र असा बारीक आवाज करत ते फिरत राहिलं. मामांनी ते कानाशी नेलं. मग माझ्या कानाशी धरलं. मी रोज असली दोनशे बेअरिंगं तपासून शेरा मारतो. कानाला लावून कधी ऐकलं नव्हतं.

"कुठलं हाय हे?"

"चिंचवडलाच बनतात," भंगारवाला म्हणाला. "एसकेएफ."

"आमच्या गावात पोरं ह्याची गाडी करायची. बाभळीची फळी अन् खाली तीन बेअरिंगं. हे कुठून येतं ते आज कळलं." दीडशे सांगितले, एकशे वीसला दिलं. नातवासाठी आणखी दोन घेतली. पान बंद झालं.

मंगळवारी पहाटे मी त्यांना एसटीत बसवून आलो. घरी बायकोनं टेबलावरचा कागद पुढं केला. मामांनी पानाची नक्कल ठेवली होती, सहीनिशी.

पिकाचं नाव: माणसं. बियाणं: बाहेरचं. पाण्याचं साधन: टँकर. खासियत: बेअरिंग, नग तीन. शेरा: कब्जेदार एकोणीस वर्षांपासून ताब्यात, जमीन पाहिलेली नाही.

नोंदीवर हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत असते. मी घेतली नाही.