कार्ड सैल केल्यास दोनशे रुपये दंड

आमच्या सोसायटीच्या फाटकाला नवं यंत्र बसलं. कार्ड दाखवलं की दांडा वर जातो, न दाखवता गेलात की बॉनेटवर येतो. त्यानिमित्त सेक्रेटरींनी नोटीस लावली, इंग्रजीत. चाळीसपैकी पस्तीस बिऱ्हाडं मराठी असल्यामुळे मराठीत लावली असती तर कोणी मनावर घेतली नसती. नोटिशीचा मतलब एवढाच, की कार्ड हरवलं तर दोनशे रुपये दंड. पण हरवण्याला इंग्रजीत जो शब्द आहे, त्यात ओ एकच असतो. सेक्रेटरींनी दोन घातले. दोन ओ आले की त्याचा अर्थ सैल. पायजम्यापासून मोशनपर्यंत आपण ज्याला ‘लूज’ म्हणतो, तो हा.

चौथ्या मजल्यावरच्या बाई कॉन्व्हेंटमधून निवृत्त झाल्यात, पण लाल पेन अजून सेवेत आहे. रात्री साडेदहाला ग्रुपवर नोटिशीचा फोटो आला, जादा ओला लाल गोल मारलेला. खाली बाईंचं एकच वाक्य : ‘कार्ड सैल केल्यास दोनशे रुपये दंड?’ मग काय, पाण्याच्या टाकीची गळती दोन वर्षं मिटत नाही तिथे मध्यरात्रीपर्यंत सत्तर मेसेज. एकाने विचारलं, माझं कार्ड अजून घट्ट आहे, मेन्टेनन्समध्ये सूट मिळेल का? सेक्रेटरी म्हणाले, भावना समजून घ्या. बाई म्हणाल्या, भावनेचं स्पेलिंग बरोबर असेल तर घेऊ.

लक्षात ठेवायला सोपं आहे खरं तर. सैल कपड्याला कापड जास्त लागतं, म्हणून ओ दोन. आणि हरवणाऱ्याचा एक ओ आधीच हरवलेला. पण आपण दोघांनाही एकाच तोंडाने ‘लूज’ म्हणतो, त्यामुळे लिहिताना हात अडखळतो. आमच्या रस्त्यावरच्या जिमचा बोर्ड गेली चार वर्षं इंग्रजीत सांगतो आहे, की तीस दिवसांत वजन सैल करून मिळेल. मी वार्षिक फी भरली होती. बोर्ड खोटं बोलत नाही.

त्या रात्रीपासून मला हा नाद लागला. पाट्या वाचत चालायचं. एका बारवर थंडगार बिअरच्या जागी बालबिअर मिळत होती. वाचनालयात ‘शांतता राखा’ म्हणायचं होतं, क्वाएटचं झालं क्वाइट, म्हणजे ‘बऱ्यापैकी राखा’. वाचक बऱ्यापैकी राखतातही. परवा एका लग्नात गुलाबजामच्या टेबलावर डेझर्टमधला एक एस गळाल्यामुळे ‘वाळवंट’ अशी पाटी होती. आम्ही मुंडावळ्या सोडायच्या वेळी पोचलो. पातेल्यात फक्त पाक होता. त्या वेळेपुरती पाटी अचूक म्हणायला हवी.

खरी गंमत मात्र कोपऱ्यावरच्या वह्या-पेनांच्या दुकानात झाली. त्या पाटीवरच्या स्टेशनरीत ई हवा तिथे ए आहे. ए घातला की त्याचा अर्थ एका जागी स्थिर, न हलणारं. मी आपला शहाणपणा करायला गेलो.

‘‘काका, स्पेलिंग चुकलंय तुमचं. ई पाहिजे, ए नको.’’

‘‘ए घातल्याने काय होतं?’’

‘‘दुकान एका जागी स्थिर आहे, असा अर्थ होतो.’’

‘‘मग आहेच की. एकतीस वर्षं झाली. अतिक्रमणवाले दोनदा येऊन गेले, हललं का?’’

घरी येऊन मोठा शब्दकोश काढला. काकांची चूक दाखवायची, या एकाच उदात्त हेतूने. आणि कोशाने काकांचीच बाजू घेतली! मध्ययुगात युरोपात बहुतेक विक्रेते फेरीवाले, पाठीवर गाठोडं घेऊन गावोगाव हिंडणारे. विद्यापीठांच्या आसपास पुस्तकं विकणारे तेवढे ठिय्या मारून एका जागी बसत. म्हणून लॅटिनमध्ये त्यांना ‘स्टेशनारियस’ म्हणत, म्हणजे ठिय्येवाले. तेच पुढे इंग्रजीत स्टेशनर झाले. लंडनमध्ये १४०३ साली त्यांचा संघ झाला, १५५७ मध्ये राजसनद मिळाली आणि त्यांच्या दुकानातला माल तो स्टेशनरी. म्हणजे न हलणारी आणि विकायची, या दोन्ही स्टेशनऱ्या एकाच आईच्या पोटच्या. ए आणि ईचं भांडण हे मागाहून झालेल्या वाटण्यांचं. काकांनी फक्त मूळ सातबारा पाटीवर लावला आहे.

बहुतेक जोड्यांचं असंच निघालं. शाळेचा प्रिन्सिपल आणि तत्त्व या अर्थाचा प्रिन्सिपल, दोघेही लॅटिनमधल्या ‘पहिला, प्रमुख’ या एकाच शब्दाचे वंशज. स्तुती करणारी कॉम्प्लिमेंट आणि पूरक असणारी कॉम्प्लिमेंट याही सख्ख्याच बहिणी, फरक मधल्या एका आय-ईचा. हॉटेलवाले या दोघींची हमखास गल्लत करतात आणि नाश्ता फुकट असल्याचं सांगण्याऐवजी तो खोलीला पूरक असल्याचं सांगतात. गार ऑम्लेट पाहिल्यावर ते खोलीला शोभतं खरं.

तर हा सगळा इंग्रजांच्या घरचा घोळ. बोलायचं एक, लिहायचं दुसरं आणि चुकलं की हसायचं तिसऱ्याला. देवनागरीत लिहा, ‘स्टेशनरी’. झालं. ए नाही, ई नाही, बाईंचं लाल पेन नाही. दोन शतकं परीक्षांत पोरं नापास करणारा प्रश्न आपण एका वेलांटीत मिटवला. त्यात इंग्रजीचं आपापसातही पटत नाही. गाडी चालवण्याच्या परवान्यात, म्हणजे लायसन्समध्ये, दुसरा सी की एस, यावरून बाई आणि त्यांचा न्यू जर्सीतला नातू एकमेकांना अडाणी म्हणतात. दोघेही आपापल्या देशात बरोबर आहेत. पेट्रोलच्या टँकरवर ‘इन्फ्लेमेबल’ असतं आणि कुठे नुसतं ‘फ्लेमेबल’. इन लागला म्हणजे उलटा अर्थ, असं शाळेत शिकलेला माणूस टँकरजवळ खुशाल विडी पेटवील. दोन्हींचा अर्थ ‘पेट घेणारा’ असाच आहे. हसताय? हसू नका. आपणही नारळ फोडतो आणि म्हणतो ‘वाढवला’. दुकान बंद करतो तेव्हाही ‘वाढवलं’ म्हणतो.

आता कोणी म्हणेल, एका अक्षराने एवढं काय बिघडतं? कार्डिफला एक जुनी इंजिनिअरिंग कंपनी होती, टेलर अँड सन्स. २००९ मध्ये ब्रिटनच्या कंपनी नोंदणी कार्यालयाने ती दिवाळखोरीत गेल्याची नोंद केली. बुडाली होती दुसरीच, टेलर अँड सन. बापाला मुलगा एक की अनेक, एवढाच प्रश्न. नोंद दुरुस्त झाली, पण तोवर माल देणाऱ्यांचा विश्वास उडाला होता. सव्वाशे वर्षांच्या घरातली कंपनी मोडली, अडीचशेच्या आसपास लोकांच्या नोकऱ्या गेल्या. २०१५ मध्ये तिथल्या हायकोर्टाने नोंदणी कार्यालयाला जबाबदार धरलं. आणि आपल्याला तर हे सांगायलाच नको. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं, धचा मा झाला, ही कथा ऐकूनच आपण लहानाचे मोठे झालो. कागदोपत्री पुरावा कोणी मागू नये, पण या महाराष्ट्रात शुद्धलेखनाचं महत्त्व पटवायला तिच्याएवढी गोष्ट दुसरी नाही.

असं असूनही मराठीच्या बाबतीत आपण भलतेच दिलदार. गेल्या २७ फेब्रुवारीला आमच्याच ग्रुपवर पहाटे सहाला कुसुमाग्रजांच्या फोटोसह शुभेच्छा आल्या, ‘अभिजात मराठी भाषा गौरव दीन’. दिवस तो ऱ्हस्व दिन. दीर्घ झाला की दीन, म्हणजे गरीब, लाचार, केविलवाणा. खाली जोडलेले हात आले अडतीस. त्यात बाईंचेही होते. लाल पेन? ते मराठीला चालत नाही म्हणे, शाई निराळी लागते. ज्या माणसाला एक ओ जास्त झालेला रात्री साडेदहाला दिसतो, त्याला सुताचा सूत झालेला, म्हणजे मुलाचा दोरा झालेला, भरदुपारी दिसत नाही. शेतातलं पीक ऱ्हस्व केलं की तिथे कोकीळ बसतो. बेटातली वेलांटी चुकली की द्वीपाचा द्विप, म्हणजे हत्ती होतो. हे कोणाला सांगायला जावं तर ‘चालतं हो, समजतं ना’. इंग्रजीत चूक झाली की आपण अशिक्षित ठरतो, मराठीत झाली की मनमोकळे.

मी सेक्रेटरींना सुचवलं, की पुढची नोटीस मराठीत काढा, ओचा प्रश्नच येणार नाही. त्यांनी मला असं पाहिलं की जणू मी टाकी दुरुस्त करायला सांगितली.

मागच्या आठवड्यात माझं कार्ड हरवलं. एका ओनेच. सोसायटीच्या ऑफिसात जाऊन दोनशे रुपये भरले, पावती घेतली. पावतीपुस्तक मात्र मराठीत छापलेलं आहे, डाव्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत : दीनांक. मी खिशातलं पेन काढलं, रिकामं पाकीट पाहिलं आणि पेन परत ठेवलं. शब्द बरोबर होता.