सेन्सरकाका

सिडकोत फ्रीज बिघडल्याची बातमी घरातल्या माणसांच्या आधी सेन्सरकाकांना कळते. कशी, ते कुणी विचारत नाही. काका दारात उभे राहतात तेव्हा अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट असतो, खिशात टेस्टर असतो आणि हातात चष्म्याची डबी. डबीत मल्टीमीटरच्या वायरी. चष्मा कपाळावर, कारण डबीत त्याला जागा उरलेली नाही.

काकांची सगळी नोकरी चिकलठाणा एमआयडीसीत, मेंटेनन्स खात्यात झाली. हे शहरच मुळी शिफ्टवर वाढलेलं. १९८५ ला वाळूजला बजाज आली, चितेगावला व्हिडिओकॉन उभी राहिली आणि प्रत्येक गल्लीत निदान एक माणूस तरी असा झाला, की ज्याला यंत्राचं कळतं. आता ही मंडळी निवृत्त झाली आहेत. त्यामुळे इथं बिघडलेला फ्रीज एकटा पडत नाही. त्याच्याभोवती पाच मतं उभी राहतात. काका मत देत नाहीत, मोजतात. गल्लीत ते नकोसे होण्याचं कारणही तेच.

आपल्याकडे फ्रीजचं पहिलं निदान ठरलेलं असतं : गॅस गेला. हे शेजारी सांगतो, मेहुणा सांगतो, पाण्याचा टँकर घेऊन आलेला ड्रायव्हरही खिडकीतून सांगून जातो. काका शांतपणे विचारतात, "चालून चालून गॅस संपतो का? बंद नळीत फिरतो तो. कुठं गळला तरच जाईल. अन् गेला असता तर वर फ्रीजरमध्ये आइस्क्रीम असं दगड कशामुळं झालं असतं?" मेहुण्याकडं याचं उत्तर नसतं, पण मेहुणा असल्यामुळे तो मत बदलत नाही.

नजरेच्या अंदाजाची काकांना चीड आहे, आणि मराठवाड्यात जन्म गेलेल्या माणसाला ती असणारच. पूर्वी पिकाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली तर दुष्काळ. कागदावर आकडा वर बसला, की शेतात काडी नसली तरी साहेबाच्या लेखी सगळं हिरवंगार. काकांच्या मते आजच्या फ्रीजमध्ये हाच कारभार चालतो. सेन्सर हा तलाठी. तो आत, भाजीपाल्याजवळ बसतो. साहेब म्हणजे मागचा बोर्ड. त्यानं फ्रीज आतून कधी पाहिलेलाच नाही. तलाठी कळवील ते तापमान खरं धरून तो कॉम्प्रेसरला चालू हो, बंद हो असे हुकूम सोडतो. "आणि लोक कॉम्प्रेसरला शिव्या देतात," काका म्हणतात, "बिचारा हुकमाचा ताबेदार आहे."

काका आल्या आल्या फ्रीज उघडत नाहीत, चहाही घेत नाहीत. आधी इतिहास. दूध नासतं की गोठतं? कोथिंबीर मागच्या बाजूची कडक होते की पुढची? रात्री मशीन थांबल्याचा आवाज येतो का? स्टॅबिलायझर किती दाखवतो? मग वॉरंटी कार्ड मागतात. त्यावर शहराचं जुनं नाव असलं, तर फ्रीज २०२३ च्या आधीचा, एवढं निदान मात्र ते मीटर न काढता करतात. पुढं दहाची नोट दाराच्या रबरात अडकवून ओढून बघतात. सैल निघाली तर रबर गेलं. नोट परत खिशात घालायची काका विसरत नाहीत. ती घरमालकाची असते, पण ते वेगळं.

एवढं करून संशय सेन्सरवर आला, की काका प्लग काढायला लावतात, आतलं प्लॅस्टिकचं झाकण उतरवून वायरीला लटकलेला तो इवलासा मणी बाहेर काढतात आणि घोषणा करतात, "बर्फ आणा."

इथं घरात शांतता पसरते. ज्या घरचा फ्रीज बिघडला आहे, त्या घरात बर्फ कुठून येणार? मग धाकट्याला वाटी देऊन शेजारी पिटाळतात. शेजारच्या काकू बर्फ देता देता "पाहुणे आले का रे?" विचारतात, पोरगं खरं ते सांगतं, आणि पुढच्या काही मिनिटांत लेनमधले सगळे जाणकार मोजणी बघायला जमतात. बर्फ कुटून काचेच्या ग्लासात, वर थोडं पाणी, चमच्यानं ढवळायचं. आता आत शून्य अंश, यात कुणाच्या मताचा प्रश्न नाही. मणी आत बुडवला, की काका मनगटावरच्या घड्याळाकडं बघत बसतात. वायरी निघालेल्या त्या ग्लासाकडं घरातली आजी हात जोडून बघते. तिला वाटतं, तीर्थ मिळणार आहे.

मण्याचं शास्त्र उलटं आहे. थंडी वाढली की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, ऊब लागली की उतरतो. २५ अंशांना १० हजार ओहम दाखवणारा मणी बर्फाच्या पाण्यात ३२ हजारांच्या आसपास चढायला हवा. ५ हजारांच्या मण्याचे आकडे निराळे, म्हणून काका पैठण गेटला लॅमिनेट करून घेतलेला तक्ता सोबत बाळगतात. नंतर मणी पुसून मुठीत धरायचा. आकडा सावकाश, शिस्तीत खाली यायला हवा. उड्या मारत आला तर आत ओल शिरली. मीटरनं काहीच दाखवलं नाही तर तार तुटली. सेन्सरजवळ आकडा बरोबर आणि बोर्डाजवळ चुकीचा आला, तर दोष मधल्या वायरीचा.

तार तुटली की बोर्डाला वाटतं, आत द्रासची थंडी पडली आहे. तो कॉम्प्रेसरला सुटी देतो आणि दूध नासतं. काही हुशार बोर्ड या बातमीवर विश्वास ठेवत नाहीत. दिवा मिचकावून तक्रार करतात आणि कॉम्प्रेसर घड्याळावर चालवतात. ओल शिरली की उलट होतं. रेझिस्टन्स उतरतो, बोर्डाला आत मे महिना भासतो, मशीन थांबायचं नाव घेत नाही, आणि जाधववाडीहून आणलेले टोमॅटो खलबत्त्यात घालायची वेळ येते. वर भरपूर बर्फ आणि खाली मात्र कोमट, असं असेल तर काका डिफ्रॉस्टच्या सेन्सरकडं आणि हीटरकडं वळतात. अशा घरात कुणीतरी आधीच एक दिवस दार उघडं ठेवून फ्रीज बरा केलेला असतो आणि तो आठवडाभर चाललेलाही असतो. "बर्फ वितळला," काका म्हणतात, "कारण तसंच आहे."

पुष्कळदा तर सेन्सर निर्दोष सुटतो. खरा गुन्हेगार त्याच्यापुढं ठेवलेलं आमटीचं गरम पातेलं असतं, किंवा हवेच्या जाळीला टेकलेली मेथीची पिशवी. आपल्या शहरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतरानं येतं. आलं, की घरातली यच्चयावत बाटली भरून फ्रीजमध्ये कोंबायची. मग हवा फिरणार कुठून? काका हे चारचौघांत सांगतात, आणि ज्या वहिनींनी पिशवी ठेवलेली असते त्या वहिनी नंतर जिन्यात भेटल्या तरी बोलत नाहीत. कोपऱ्यातून आजोबा पुटपुटतात, "माठाला सेन्सर नसतो." कोरड्या उन्हाळ्यात माठ झिरपून पाणी गार करतो हे काकांनाही मान्य आहे, पण किती अंश, ते आजोबांना सांगता येत नाही. वाद तिथंच तुटतो.

सेन्सर बदलायचं काम काका करत नाहीत. कागदावर आकडे, तारीख आणि सही करून देतात. मेकॅनिक तो कागद बघून वैतागतो, कारण काही शे रुपयांच्या सेन्सरपुढं हजारांचा पीसीबी सांगायची सोय उरत नाही. तोच मेकॅनिक दुसऱ्या दिवशी फोन करतो : "काका, एक केस अडकलीय. या ना जरा. कस्टमरला सांगू नका, मी बोलावलं म्हणून."

काकांच्या स्वतःच्या घरी जुना एकदारी फ्रीज आहे. त्यात सेन्सरच नाही. गॅस भरलेली बारीक नळी असलेला थर्मोस्टॅट आणि एक ते सातचं बटण. काकूंनी ते चारवर ठेवलं आहे. फ्रीजला हात लावायची काकांना परवानगी नाही.

सणासुदीला मात्र काकांना खरे शत्रू निर्माण होतात. एक्स्चेंज ऑफर लागलेली असते, दुहेरी दाराचं मॉडेल मनात भरलेलं असतं आणि जुना फ्रीज ऐन वेळी बंद पडून सहकार्य करत असतो. तेवढ्यात काका येतात, कनेक्टरची गंजलेली पिन घासतात आणि फ्रीज सुरू होतो. घरचे कर्ते पुरुष काकांचे पाय धरायचे बाकी राहतात. बाई चहात साखर घालत नाहीत. म्हणून गारखेड्यातल्या एका शहाण्या ताईंनी परवा काकांना बोलावलं ते थेट नव्या फ्रीजच्या पूजेला. नारळ फुटला, पेढे झाले. फ्रीजच्या दारावर निळ्या अक्षरांत ४ चा आकडा झळकत होता. काकांनी पेढा संपवला, हात पुसला, चष्मा कपाळावर चढवला आणि डबी उघडली.

"हा म्हणतो चार. ठीक आहे, म्हणू दे. ताई, बर्फ झालाय का त्यात? की शेजारून मागवू?"