जरा सहज बसा

फोटोकाका गणपतीचा फोटो काढत नाहीत. दहा दिवस मांडवात मुक्काम, कार्डात तीन-चार हजार फोटो, आणि त्यात मूर्ती दिसलीच तर कोणाच्या तरी खांद्यामागे, अंधुक. "बाप्पाचा फोटो कोणीही काढेल. तो हलत नाही," असं त्यांचं म्हणणं. त्यांना माणसं लागतात. तीही साधी, रोजची आणि मुख्य म्हणजे बेसावध. ढोलावर डोकं टेकून झोपलेला पोरगा, आरतीच्या ताटातली नाणी डोळ्यांनी मोजणारा खजिनदार, महाप्रसादाच्या रांगेत दुसऱ्यांदा उभे राहिलेले अध्यक्ष.

असा एक गृहस्थ डोंबिवलीतल्या प्रत्येक सोसायटीत असतो. (पार्ल्यातही असतो, पण तिथला स्वतःला छायाचित्रकार म्हणवतो.) बहुधा बँकेतून निवृत्त, अंगात असंख्य खिशांचं जाकीट, गळ्यात कॅमेरा. कॅमेऱ्यावरच्या कंपनीच्या नावावर काळी चिकटपट्टी लावलेली. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याच्या चकचकीत भागांवर अशी पट्टी लावायचे, म्हणजे लोकांचं लक्ष जात नसे, हे काकांनी कुठेतरी वाचलेलं आहे. ब्रेसाँ गर्दीत विरघळून जात. आमचे काका ते जाकीट घालून फडके रोडवर उभे राहिले की थेट गणेश मंदिरापासून दिसतात, आणि पट्टी कसली हे विचारायला माणसं मुद्दाम थांबतात.

काका मूळचे रोलच्या जमान्यातले. छत्तीस फोटोंचा रोल, आणि हलक्या हाताने भरला तर सदतिसावाही निघायचा. त्या सदतिसाव्या फोटोचा अभिमान त्यांना पेन्शनपेक्षा जास्त आहे. एका रोलमध्ये तेव्हा गणपती, दसरा, दिवाळी आणि तुळशीचं लग्न बसायचं. तरीही दोन फोटो उरत, रोल तर धुवायला टाकायचा असे, म्हणून ते गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर खर्च होत. आज सोसायटीत कोणाच्याही लहानपणाचा अल्बम नसेल, पण टाकीची संपूर्ण वाढ काकांकडे आहे.

पुढे डिजिटल आलं आणि काटकसर संपली. आता ते बटण दाबून ठेवतात. अथर्वशीर्षाच्या आवर्तनात एवढा खडखडाट होतो की गुरुजी एकदा थबकले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं. काकांना आनंदच झाला, कारण पहिल्या वेळी म्हणे 'एक्स्प्रेशन' आलं नव्हतं.

खरी मौज ही की त्यांना हवी असलेली सहजता मागणीनुसार तयार करावी लागते. चतुर्थीच्या सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या आजी उकडीचे मोदक करत असतात. काका दारातून, "आजी, माझ्याकडे बघू नका. मी इथे नाहीच असं समजा."

"मग चप्पल बाहेर काढून नसा."

चप्पल निघते. आजी कळ्या पाडायला घेतात. काका म्हणतात, "जरा सावकाश." मग म्हणतात, "हात खिडकीकडे." मग "हा मोडा आणि परत करा, आता उजेड छान आलाय." उकडीला एवढा धीर नसतो. ती निवते आणि तिला चिरा पडतात. एकवीसपैकी सहा मोदक कलेच्या कारणी लागले की आजी शेवटी खऱ्याखुऱ्या चिडतात, आणि तोच फोटो अप्रतिम येतो.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकांशिवाय दुसरा पुरुष आत जात नाही. तिथे त्यांची गाठ काळ्या साड्यांशी पडते. कॅमेऱ्याचा मीटर बिचारा समोर काळं दिसलं की अंधार आहे असं समजतो आणि सगळं उजळून टाकतो. पहिल्या वर्षी कोऱ्या चंद्रकळा फोटोत राखाडी आल्या. "बोहारणीने परत आणून दिल्यासारखी दिसतेय," असं एकीने काकांच्या तोंडावर सांगितलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी हिशोब करून उजेड उतरवला. साड्या काळ्याभोर आल्या, नेसणाऱ्या दिसेनाशा झाल्या. तिळगूळ त्या वर्षी देण्यात आला, गोड बोलण्याचा भाग वगळण्यात आला.

या सगळ्यात काकूंची जागा वेगळीच. काका घराबाहेर पडण्याआधी, "अगं, दोन मिनिटं दारात उभी राहा, उजेड बघतो." काकू उभ्या राहतात, पदराला हात पुसत. अशी तीस वर्षं. काकूंचे हजारो फोटो आहेत. काही कोळशासारखे काळे, काही पार पांढरे. त्यांच्यावर उजेड जमला की काका निघून जातात आणि तो दुसऱ्यांवर वापरतात.

गुढीपाडवा म्हणजे काकांची पंढरी. नववर्ष स्वागतयात्रा 1999 साली डोंबिवलीतच सुरू झाली आणि मग ठाणे, गिरगाव असं लोण पसरलं, हे ते भेटेल त्याला ऐकवतात. पहिल्या यात्रेला ते हजर होते. फोटो नाहीत, कारण रोल टाकीवर संपला होता. आता तिथे नऊवारी, नथ, गॉगल आणि बुलेट असा थाट घेऊन एखादी मुलगी आली की वीस-पंचवीस लेन्सा तिच्याकडे वळतात. काका तिच्या पुढ्यात जातच नाहीत. ते शोधतात तिच्या बाबांना. बाबा दहा पावलं मागे असतात. एका हातात तिची पर्स, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, बगलेत हेल्मेट आणि चेहऱ्यावर बुलेटचे हप्ते. मला विचाराल तर यात्रेचा खरा फोटो तोच, आणि तो काढायला काकाच लागतात.

दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर मात्र त्यांची पंचाईत झाली. नटूनथटून आलेल्या घोळक्यातल्या एका मुलीने सरळ विचारलं, "काका, आमचे फोटो कशाला काढताय?" विचारणं रास्तच होतं. त्या दिवसापासून ते आधी परवानगी घेतात. परवानगी मिळाली की घोळका केस सारखे करतो, पोटं आत घेतो, दोन बोटं वर करतो. सहजता ठेवावी तर सभ्यता जाते, सभ्यता ठेवावी तर फोटो जातो. या पेचावर काकांनी मध्यममार्ग काढला आहे. ते फोटो काढतात, 'झालं हं' म्हणतात, आणि सगळे सैल पडले की पुन्हा काढतात, मग कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवून विचारतात. नको म्हटलं तर समोरच पुसतात. पुसताना त्यांचा चेहरा बघवत नाही.

फोटो मिळणं हा निराळा अध्याय. "देतो, जरा एडिट करून." गणपतीचे फोटो शिमग्याला येतात. व्हॉट्सॅपवर पाठवत नाहीत, तिथे फोटो बारीक होतो म्हणून. पेनड्राइव्ह घेऊन घरी जावं लागतं, चहा घ्यावा लागतो आणि सगळे बघावे लागतात. आपण ज्यात तोंड उघडं टाकून जांभई देत असतो तो फोटो पडद्यावर आणून काका म्हणतात, "यात तुम्ही आहात."

समितीला हे सोसेना. स्मरणिकेसाठी शाल-श्रीफळाचा फोटो मागितला तर काकांनी दिला तो निसटलेला नारळ आणि त्याच्यामागे वाकलेले सत्कारमूर्ती. म्हणून यंदा ठराव झाला, बाहेरून माणूस आणायचा, ड्रोनसकट. काका काही बोलले नाहीत.

महाप्रसादाच्या दिवशी ड्रोन घरघरत वर गेला. त्याने वरून चित्रण केलं ते मांडवाच्या निळ्या ताडपत्रीचं, सोळा टकलांचं आणि एका जाकिटाचं. खाली मात्र दोनशे माणसं माना वर करून, तोंडं उघडी टाकून आकाशाकडे बघत होती. कोणाचा श्रीखंडाचा चमचा अर्ध्या वाटेवर, अध्यक्षांची पुरी दातांत. गर्दीकडे बघणारा माणूस एकच होता, आणि त्याने बटण दाबून ठेवलं होतं.

सगळे सभासद एकत्र असलेला दुसरा फोटोच नसल्यामुळे सेक्रेटरींना तो स्मरणिकेत पानभर छापावा लागला. तळमजल्यावरच्या डेंटिस्टनी समोरचं पान दुप्पट दराने घेतलं.