गोलटेंडिंगची वाट पाहणारे काका

ज्या जिमखान्यात बास्केटबॉलचं सिमेंटचं कोर्ट आहे, तिथे असे एक काका असतातच. नोकरीतून निवृत्त, पंचगिरीतून नाही. गळ्यात शिट्टी, पायात एकेकाळी पांढरे असलेले बूट आणि खिशात घड्यांवर फाटलेलं नियमांचं पुस्तक.

बाकीचे नियम ते हातासरशी उरकतात. शॉट मारताना हातावर फटका बसला आणि तरी चेंडू आत गेला, तर बास्केट धरली, वर एक फ्री थ्रो. नाही गेला तर दोन, 6.75 मीटरच्या रेषेबाहेरून मारला असेल तर तीन. "अहो, फाउल झाल्यावर टाकला त्यानं!" असं एखादे पालक कठड्यावरून ओरडतातच. "हात आधीच वर निघाला होता," काका मागे न बघता सांगतात. 24 सेकंदांच्या भोंग्यावरून वाद झाला, तर त्यांचा एकच प्रश्न असतो: चेंडू सुटला होता की हातात होता?

पण त्यांचा जीव अडकलाय गोलटेंडिंगमध्ये. शॉटचा चेंडू रिंगच्या पूर्ण वर आहे, उतरायला लागलाय, आणि बचाव करणाऱ्यानं त्याला हात लावला, की तो आत गेला असं समजून गुण द्यायचे. चढता चेंडू अडवला तर शाबासकी, उतरता अडवला तर गुन्हा! अमेरिकेत जॉर्ज मायकन आणि बॉब कर्लंड हे दोन ताडमाड कॉलेजकुमार बास्केटच्या तोंडातून चेंडू काढून घेऊ लागले, म्हणून 1944 साली तिथल्या कॉलेजांच्या खेळात याला बंदी आली. काका हे असं सांगतात, जणू कर्लंडच्या मुंजीला ते जेवून आलेत.

अडचण एवढीच, की रिंग 3.05 मीटरवर आणि आमच्या पोरांचं बोट जाळीला लागलं तरी ती आठवडाभर सांगत फिरतात. तीस वर्षांत काकांना एकही गोलटेंडिंग मिळालेलं नाही. मग ती भूक अशी कुठेही भागवावी लागते. परवा तिसऱ्या मजल्यावरून वहिनींनी भाऊंसाठी स्कूटरची किल्ली टाकली, ती शेजारच्या बंड्यानं मध्येच झेलली. काकांचा हात आपसूक शिट्टीकडे गेला. मग म्हणाले, "जाऊ दे, रिंगच्या खाली होती."

आणि गेल्या रविवारी पाहुण्या संघात साडेसहा फुटी पोरगा आला. आमच्या पक्यानं शॉट मारला. चेंडू वर गेला, क्षणभर थबकला, उतरू लागला, आणि रिंगच्या वर वीतभर असताना त्या पोरानं तो फटकन उडवला, थेट कठड्यापलीकडे. सगळं कोर्ट काकांकडे बघू लागलं.

शिट्टी वाजलीच नाही. ती दोरीला लोंबत होती आणि काकांचं तोंड उघडं होतं.

"काका, गोलटेंडिंग!" पक्या रडकुंडीला आला.

"होतंच रे," काका म्हणाले. "अगदी पुस्तकातलं. काय देखणं होतं!"