अथ संगणकदानविधी

महाराष्ट्रातील स्थानिक स्वयंसेवी संस्था, म्हणजे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि बहुधा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदलेली, तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत चालणारी, एक अध्यक्ष, एक सचिव, चार-पाच कार्यकर्ते आणि आठवड्यातून दोनदा येणारा हिशेबनीस एवढ्यावर उभी असलेली संस्था, तंत्रज्ञानाच्या बाबतीत दरिद्री असते, असा समज दात्यांच्या वर्तुळात दृढ झालेला आहे. कपाट उघडून पाहिल्यास हा समज टिकत नाही. तेथे वेगवेगळ्या कंपन्यांनी वेगवेगळ्या वर्षी दिलेले लॅपटॉप, एक प्रोजेक्टर, शाई वाळलेला प्रिंटर आणि सर्वेक्षण संपल्यापासून चार्ज न झालेले टॅब नांदत असतात, आणि प्रत्येकाच्या पाठीवर दात्याच्या बोधचिन्हाचे असे स्टिकर असते, की यंत्र गेले तरी ते निघत नाही. उणीव असते ती एकाच गोष्टीची: यांतील एखादे यंत्र मंगळवारी सकाळी बंद पडले, तर फोन कोणाला करायचा.

संगणकदान हा षोडशोपचारी विधी आहे. त्यातील मुख्य देवता बॅनर असून यंत्र हा नैवेद्य होय. कंपनीच्या पुस्तकात घसाऱ्याने झिजलेले यंत्र प्रथम ‘जुने’ होते, मग ‘निर्लेखित’ होते, आणि टेंपोत चढून तालुक्याच्या गावी उतरताच त्याचे ‘डिजिटल सक्षमीकरण’ होते. ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम मोठ्या ग्राहकांना आपला ई-कचरा नोंदणीकृत संस्थांकडेच सोपवण्यास बजावतात खरे. परंतु कचरा आणि देणगी यांतील सीमारेषा रिबीन कोठे बांधली आहे यावरून ठरत असल्याने, या नियमांचा आणि विधीचा संघर्ष सहसा उद्भवत नाही. विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.०, म्हणजे संगणकाच्या गुप्त किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा-व्यवस्था, व त्याबरोबर बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. जुनी यंत्रे ही पायरी चढू शकत नाहीत. त्यामुळे ग्रामीण महाराष्ट्रात लवकरच सक्षमीकरणाची मोठी लाट येईल, असे अनुमान बांधण्यास हरकत नाही.

दानानंतर प्रशिक्षण येते. शिकणाऱ्याला काही येऊ लागणे, असा या शब्दाचा अर्थ पूर्वी घेतला जाई. आता जिल्ह्याच्या ठिकाणी एका दिवसात ठरावीक संख्येच्या सह्या जमवणे, असा तो स्थिरावला आहे. सकाळच्या सत्रात इंग्रजी स्लाइडांच्या आधारे ‘क्लाऊड’ समजावला जातो, म्हणजे आपली कागदपत्रे आपल्या यंत्रावर न ठेवता दूरच्या कोणाच्या यंत्रावर ठेवण्याची सोय. आणि ती ऐकणाऱ्या ताईंच्या गावात दुपारी भारनियमन असल्याने, तो ढग दिसेल कधी आणि बरसेल कधी, हा प्रश्न प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवला जातो. प्रश्नोत्तरांना वेळ उरत नाही. भोजनोत्तर सत्र कृत्रिम बुद्धिमत्तेला देण्याचा प्रघात अलीकडे पडला असून, त्या वेळी नैसर्गिक बुद्धिमत्ता पेंगत असल्याने ही निवड शास्त्रशुद्ध मानावी लागेल.

या दिवसभरात जो विषय चुकूनही निघत नाही, तो म्हणजे फॉन्ट. मराठीत काम करणाऱ्या संस्थेचे निम्मे हाल येथे दडलेले आहेत. युनिकोडपूर्व मराठी फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर मजकूर उघडला की अध्यक्षांच्या मनोगताऐवजी रोमन अक्षरांची आणि विरामचिन्हांची दंगल दिसते. या घटनेला बोलीभाषेत ‘फॉन्ट फुटणे’ म्हणतात. प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, आणि भारतीय भाषांसाठी संगणकीय साधने घडवणारी सी-डॅक १९८८ पासून पुण्यातच आहे. तरीही वीस-पंचवीस वर्षांचे वार्षिक अहवाल, बचत गटांच्या याद्या आणि एखाद्या जुन्या पाणलोट प्रकल्पाच्या सगळ्या नोंदी डीटीपीवाल्याच्या फॉन्टात कोंडून पडलेल्या असतात, कारण संस्थेचा मराठी मजकूर गेली कित्येक वर्षे छापखान्यासाठी टाइप होत आला आहे, शोधण्यासाठी नव्हे. त्या नोंदी युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक उपलब्ध आहेत. मात्र परिवर्तनानंतर रफार आणि वेलांट्या नजरेने तपासणारा माणूस लागतो, आणि माणसाच्या पाठीवर स्टिकर चिकटत नाही.

संस्थेला तंत्रज्ञान कशासाठी हवे असते, या प्रश्नाचे प्रस्तावातील उत्तर ‘परिणामकारकता वाढवण्यासाठी’ असे असते. प्रत्यक्षातील उत्तर ‘आपण अस्तित्वात आहोत हे निरनिराळ्या संकेतस्थळांना वारंवार पटवून देण्यासाठी’ असे आहे. नीती आयोगाच्या दर्पण या संकेतस्थळावर पदाधिकाऱ्यांचे पॅन आणि आधार जुळले पाहिजेत. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी घ्यायचा, तर १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा अर्ज भरून क्रमांक मिळवला पाहिजे, आणि त्यासाठी डिजिटल स्वाक्षरी हवी, म्हणजे पेन ड्राइव्हसारख्या तुकड्यात राहणारी आणि मुदत संपली की मरणारी सही. २०२०-२१ मधील बदलांनंतर करसवलतीची नोंदणी कायमची न राहता मुदतीची झाली. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून देणगीदारांची यादी १०बीडी या नमुन्यात ३१ मेपर्यंत भरावी लागते, आणि ती चुकल्यास दिवसाला २०० रुपये विलंबशुल्क ठरलेले आहे, मग देणगी ५०१ रुपयांची असो वा पाच लाखांची. बाराए आणि ऐंशीजी ही कलमे ज्येष्ठ विश्वस्तांना गणपतिस्तोत्रासारखी पाठ होतात न होतात, तोच प्राप्तिकराचा १९६१ चा कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा कायदा येतो आणि कलमांचे आकडे बदलतात. या साऱ्या व्यवहारात ओटीपी हा परवलीचा अंक ज्यांच्या मोबाइलवर येतो, ते अध्यक्ष नेमके त्या वेळी शेतात असतात आणि शेतात रेंज नसते.

हे काम करणाऱ्या माणसाला पगार कोठून द्यायचा, याविषयी मात्र सर्व नियमांत विलक्षण एकमत आढळते. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थांच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० च्या दुरुस्तीने ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. सामाजिक दायित्वाच्या नियमांतील ५ टक्क्यांची मर्यादा वस्तुतः कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे. तथापि करारनाम्याच्या वाटाघाटींत ती टेबलावरून हळूच घरंगळते आणि पुष्कळदा संस्थेच्या ताटात येऊन पडते. परिणामी लॅपटॉप हा ‘कार्यक्रम खर्च’ ठरतो, तो चालवणारा ‘प्रशासकीय खर्च’ ठरतो आणि तो दुरुस्त करणारा ‘अपात्र खर्च’ ठरतो. पाटी द्यावी, पेन्सिलही द्यावी, पण मास्तर ठेवणे ही उधळपट्टी मानावी, अशी ही अर्थव्यवस्था आहे.

फुकट मिळणाऱ्या साधनांचे प्रकरण थोडक्यात आटोपता येते. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या काही सेवा बिगरनफा संस्थांना विनामूल्य किंवा सवलतीत मिळतात व त्या उपयुक्तही आहेत. गूगलच्या सेवेसाठी संस्थेचे स्वतःचे डोमेन, म्हणजे इंटरनेटवरील नावाची पाटी, लागते. ती पाटी एका हुशार स्वयंसेवकाने स्वतःच्या ईमेलवरून घेतलेली असते, तो पुढे नोकरीनिमित्त परदेशी जातो, पासवर्ड त्याच्याबरोबर जातो, आणि नूतनीकरण हुकल्यावर ‘महिला सक्षमीकरण’ शोधणाऱ्याला त्या पत्त्यावर ऑनलाइन रमी सापडते. व्यक्तिगत विदा संरक्षणाचा २०२३ चा कायदा तर २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद करतो. लाभार्थी महिलांच्या आधार कार्डांचे फोटो व्हॉट्सॲप गटावर मागवून ‘पोचले, धन्यवाद’ म्हणणाऱ्या संस्थेला त्या आकड्याची भीती वाटत नाही, कारण एवढी शून्ये तिच्या हिशेबनीसाने एका ओळीत कधी पाहिलेली नसतात.

या क्षेत्राचा इतिहास पाहिला, तर आरंभी क्रम उलटा होता असे दिसते. आज जगभर संस्थांना सॉफ्टवेअर मिळवून देणारी टेकसूप ही संस्था १९८७ साली सॅन फ्रान्सिस्कोत कॉम्प्युमेंटर या नावाने सुरू झाली, तेव्हा ती यंत्रे वाटत नव्हती. संगणक जाणणारा स्वयंसेवक आणि संगणकापुढे अडलेली संस्था यांची गाठ ती घालून देत होती. माणूस आधी आला, खोके मागून आले. इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. दुष्काळी मराठवाड्यात आणि सोलापूरकडे विंधन विहिरी खोदल्या गेल्या, तेव्हा त्यांवर बसवलेले ओतीव लोखंडाचे हातपंप भराभर मोडू लागले. जालना आणि सोलापूर येथील मिशनच्या कामातून मजबूत पंप घडला, आणि सोलापूरच्या पंपावरून १९७० च्या दशकात युनिसेफच्या सहभागाने ‘इंडिया मार्क टू’ तयार होऊन जगभर गेला. परंतु हा नामांकित पंपही आपोआप चालत राहिला नाही. वॉशर झिजतच होते, सळई तुटतच होती. पाणी येत राहिले ते पान्यांची पेटी घेऊन गावोगाव फिरणाऱ्या मेकॅनिकमुळे. त्या मेकॅनिकला कोणी ‘अपात्र खर्च’ म्हटले असते, तर गावाने पंपाची दांडी काढून हातात घेतली असती.

दहा-बारा संस्थांनी मिळून एक असा फिरता माणूस ठेवावा, ज्याला फॉन्ट, ओटीपी, डिजिटल स्वाक्षरी आणि प्रिंटर या चारही देवता प्रसन्न आहेत, ही कल्पना इतकी साधी आहे, की तिच्यावर परिषद भरवता येत नाही. तेव्हा ज्या वाचकांच्या कंपनीत येत्या मार्चअखेर लॅपटॉप वाटपाचा समारंभ योजलेला असेल, त्यांनी तो रद्द करू नये. फक्त हार, शाली आणि व्यासपीठ यांच्या खर्चातून तालुक्याच्या बाजारपेठेतील संगणक दुरुस्तीवाल्याला वर्षाचे पैसे आगाऊ द्यावेत, आणि त्याचा मोबाइल क्रमांक बॅनरवर मुख्य पाहुण्यांच्या नावाहून मोठ्या अक्षरांत, युनिकोडमध्ये, छापून घ्यावा.