पिठल्याचा इसार

प्रेक्षणीय स्थळ पाहावयास निघालेला मनुष्य वस्तुतः भोजनस्थळाच्या शोधार्थ निघालेला असतो, ही गोष्ट अमेरिकेतील बेसबॉलच्या मैदानाभोवती जितकी खरी तितकीच आमच्या गुंजवण्यातही खरी आहे. तिकडे नऊ डावांचा खेळ रंगात आला असता, लांबट पावातील सॉसेजवर दृष्टी खिळलेल्या गृहस्थास चेंडू कोठे गेला हे शेजाऱ्यास विचारावे लागते. इकडे गहुंज्यास द्रुतगती मार्गाच्या कडेच्या क्रिकेटच्या मैदानात सुमारे ३७,००० क्षुधार्तांची बसण्याची सोय असून, घरचा डबा मात्र दरवाजावरच अडवावा असा अशा मैदानांचा दस्तूर आहे. गुंजवण्यास मैदान नाही. राजगड आहे, आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत रुजू केलेल्या बारा किल्ल्यांत त्याची गणना झाली असली, तरी पायथ्याशी गाडीतून उतरणाऱ्या रसिकांचा पहिला प्रश्न 'मावशी, चांगलं जेवण कुठं मिळेल?' हाच असतो.

नसरापूर, मार्गासनी, साखर मागे टाकून आलेल्या टोळीने चढण्यापूर्वी माणसे मोजून वर्दी द्यावी आणि उतरल्यावर पिठले, भाकरी, ठेचा व इंद्रायणीचा भात यांवर हक्क सांगावा, असा येथील रिवाज.

"किती माणसं?"

"बारा. आणि भाकरी चुलीवरचीच हवी हं मावशी, गॅसवरची नको."

ज्यांच्या सदनिकेत फोडणीचा धूर झाला तरी सोसायटीचे सचिव धावून येतात, त्यांची ही धूम्रनिष्ठा पाहून मावशी मुकाट्याने चुलीत लाकूड सारतात. थापलेली भाकरी तव्यावर टाकावी, तिच्या पाठीवरून पाण्याचा हात फिरवावा, उलटावी, आणि पुढे ओढलेल्या निखाऱ्यांवर कड टेकवून फुगवावी: असे बारा जणांच्या दुपटीने, डोळे पदराने टिपीत चालले असता, वर बालेकिल्ल्याच्या सावलीत एका विचारवंतास असा साक्षात्कार होतो की चोरदरवाजाची उतरण गुडघ्यांस अपायकारक असून पाली दरवाजाची वाट पायऱ्यांची व सुखकर आहे. चालकास दूरध्वनी जातो, गाडी तिकडे वळते. शत्रूस चकविण्यास्तव ज्या गडाला इतक्या वाटा ठेवल्या, त्या आज पिठल्यास चकविण्याच्या कामी येत आहेत.

तिसऱ्या प्रहरी ते पिठले पातेल्यात वडीसारखे थिजलेले असते.

यावर आम्ही एक मसुदा तयार केला. वर्दीबरोबर माणशी निम्मा इसार रोख जमा करावा. अन्य दरवाजाने उतरणाऱ्याचा इसार खालसा व्हावा. त्याच्या वाटणीची भाकरी वर्दीवाचून आलेल्या, पहिल्याच घासाला 'ऑथेंटिक!' असा उद्गार काढणाऱ्या आगंतुकास पूर्ण दराने देण्यात यावी. आणि या जाबत्याची एक नक्कल तहसील कचेरीच्या दप्तरी ठेवावी.

मसुदा वाचून दाखविला, तेव्हा मावशी म्हणाल्या, "आधी पैसं मागितलं तर माणसं म्हणतील, गावाला माणुसकी राहिली न्हाई." आमच्या राज्यकारभाराची अशी वासलात लावून त्या अंगणात नव्याने उतरलेल्या टोळीकडे वळल्या.

"जेवायचं सांगून जाताय नव्हं? मग कंच्या दरवाजानं उतरणार, त्ये आधी सांगा."