दीडवारी

मास्तरांनी कानावरची पेन्सिल काढली, वही उघडली आणि वर न बघताच विचारलं, "छाती?"

"सव्वापाच."

पेन्सिल थांबली. "पंचवीस म्हणायचंय का? लहान मुलगी आहे?"

"नाही हो. सव्वापाच इंच. कंबर साडेतीन. उंची साडेअकरा."

मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मनमाडच्या बाजारातलं त्यांचं दुकान मी नोकरीला लागलो तेव्हापासून आहे. माझ्या लग्नातला सफारी त्यांनीच शिवला. "साहेब," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "रिटायर होऊन किती दिवस झाले? घरी सगळं बरंय ना?"

मग मी पिशवीतून बाहुली काढून काउंटरवर ठेवली. ब्लाउज टाकायला आलेल्या दोन बायांपैकी एकीनं पदर तोंडाला लावला. मास्तरांनी बाहुली उलटीसुलटी करून पाहिली, काखेतून टेप घालून पाहिला, टेपच तिच्यापेक्षा भारी दिसायला लागला. "हिचं ब्लाउज शिवायचं तर मला मशीनच्या आत बसावं लागेल," ते म्हणाले आणि बाहुली माझ्या पिशवीत परत घातली. मात्र जाता जाता कटिंगच्या चिंध्यांचं एक गाठोडं मला फुकट दिलं. वेड्याला नाही म्हणू नये, असा त्यांचा विचार असावा.

आता मूळ भानगड सांगतो. मी रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून लागलो आणि चार्जमन होऊन बाहेर पडलो. आमच्या मनमाडच्या कारखान्यात पुलांचे गर्डर होतात. खालून नदी जाते, वरून गाडी जाते, मधे आम्ही असतो. इतकी वर्षं टनाच्या हिशेबात वावरलेल्या माणसाच्या हातात ग्रॅमभर वजनाचं पोलकं यायचं काही कारण नव्हतं. कारण घडलं दिवाळीत, पुण्याला.

आमची सून बाहुल्या जमवते. जमवते म्हणजे खेळत नाही, हा मुद्दा मला फार उशिरा कळला. तिच्या बाहुल्या डब्यात असतात, डब्याला पारदर्शक खिडकी असते आणि डबा उघडायचा नसतो. उघडला की किंमत गेली. नातीनं बोट दाखवलं, "आबा, ती." आबांनी डबा उघडला. आत बाहुलीला मानेपासून घोट्यापर्यंत प्लॅस्टिकच्या दोऱ्यांनी जखडलं होतं. मी माझ्या सवयीनं एकेक दोरी स्वच्छ कापली, मूळ वस्तूवर ओरखडासुद्धा येऊ दिला नाही आणि शाबासकीच्या अपेक्षेनं वर पाहिलं. सून दारात उभी होती. डोळ्यांदेखत गाडी सुटलेल्या माणसाचा चेहरा मनमाडकर लांबून ओळखतो. तोच होता.

"असू दे, बाबा," ती म्हणाली. सून गुणी आहे. "आता उघडलीच आहे तर हिला काहीतरी शिवून द्या. परदेशात लोक बाहुल्यांना गोष्टीतले पोशाख शिवतात. सिंड्रेला, लाल टोपडंवाली. तुम्ही आपल्या गोष्टीतलं कुणीतरी करा."

शिक्षा सौम्य वाटली. परत येताना गाडीत बसून मी यादी करायला घेतली आणि नगर मागे पडेपर्यंत ध्यानात आलं की आपल्या गोष्टीतल्या मंडळींना कपडेच नाहीत. चिऊताई बाळाला न्हाऊमाखू घालते, तीट लावते, पण ती स्वतः काय नेसलीय याचा पत्ता नाही. कावळा, कोल्हा, माकड, मगर, सगळे उघडे. राजेराण्या आठवल्या त्या 'चांदोबा'तल्या. पण चांदोबा निघायचा मद्रासहून, तेव्हा त्यातले राजे, मंत्री आणि न्हावीसुद्धा दाक्षिणात्य. विक्रमाच्या खांद्यावरचं प्रेत आम्ही मराठीत वाचलं, पण त्याचं धोतर कावेरीकाठचं होतं. सिंड्रेलाचं बरं आहे. तिच्या गोष्टीत झगा आणि बूट काढून घेतले तर उरतात फक्त उंदीर आणि भोपळा.

भोपळा! भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणारी म्हातारी! बाई माणूस, मराठी, आणि नऊवारीत. ठरलं.

या जातीची बाहुली माणसाच्या सहाव्या हिश्श्याची असते, असं सुनेनं फोनवर सांगितलं. सहास एक हे प्रमाण ऐकून माझ्यातला चार्जमन खूश झाला. ड्रॉइंगवर काम करण्यात आयुष्य गेलेलं. नऊ वार म्हणजे तीनशे चोवीस इंच. भागिले सहा, चोपन्न इंच. दीड वार! पन्हा आठ इंच. म्हणजे बाहुलीची नऊवारी ही दीडवारी झाली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे आकृती काढली, माप टाकलं, सही केली. आमच्या हिनं चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "सगळ्याला सहानं भागलंत. कापडाला कोण भागणार?"

मला वाटलं, मत्सर आहे. मशीन तिचं ना.

पहिली दीडवारी मांजरपाटाची. नेसवली तर बाईच्या अंगावर साडी नव्हती, साडीत बाई होती. निऱ्या तर जाळीच्या शटरसारख्या पुढे उभ्या. ही काही बोलली नाही, नुसती कांदा चिरत राहिली. तेव्हा मला कळलं की बाहुली सहापट लहान झाली तरी सूत सहापट बारीक झालेलं नसतं. मग ट्रंकेतून वडिलांचं मलमलीचं धोतर काढलं. तीस-चाळीस वर्षं धुऊन धुऊन त्याची साय झाली होती. ते पडलं नीट. पण नऊवारीचं तंत्र असं की गाठ कमरेला, निऱ्या कमरेला आणि मागचा कासोटाही कमरेलाच. तीन ठिकाणचं ओझं साडेतीन इंचावर. नेसवून झाल्यावर टेप लावला, कंबर सव्वापाच! म्हातारी लेकीकडे जायच्या आधीच लठ्ठ झाली. वाघानं तिला तिथंच खाल्लं असतं आणि गोष्ट दुसऱ्या ओळीत संपली असती.

सुनेनं धीर दिला. म्हणाली, हे दुखणं बार्बीच्या जन्मापासूनचं आहे. 1959 मध्ये ती न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात आली. तिचे पहिले कपडे शार्लट जॉन्सन नावाच्या बाईंनी बेतले आणि ते शिवले जपानमधल्या बायकांनी, घरी बसून, हातानं. तिची कंबर इतकी बारीक ठेवण्यामागे एक कारण असं सांगतात की शिवण, पट्टी, दुमड असे कापडाचे थर चढल्यावर ती माणसाच्या प्रमाणात दिसावी. मी इतके दिवस समजत होतो की ती उपास करते.

त्या जपानी बायकांबद्दल मला फार आदर वाटू लागला. काही वर्षांपूर्वी पासवर दिल्लीला गेलो होतो तेव्हा हिनं मला बाहुल्यांच्या संग्रहालयात ओढत नेलं होतं. व्यंगचित्रकार शंकर पिल्ले यांनी 1965 मध्ये सुरू केलेलं. देशोदेशीच्या बाहुल्या, आपापल्या पोशाखात, काचेमागे. मी भरभर एक फेरी मारून बाहेर चहा पीत बसलो होतो. आज कुणी पास दिला तर काचेला नाक लावून एकेकीची तुरपाई बघेन.

कारण तुरपाईपर्यंत पोचणं हेच दिव्य. पोलक्याची बाही दीड इंच. नेहमीसारखी बाजू शिवून मग गोल बाही लावायला गेलो तर त्या भोकात माझी करंगळीसुद्धा जाईना. दोन पोलकी वाया गेल्यावर क्रम उलटा केला. आधी बाही सपाट असतानाच खांद्याला जोडायची, मग बाहीच्या टोकापासून काखेपर्यंत आणि तिथून कमरेपर्यंत एकच शिवण मारायची. मशीनची आणखी वेगळीच तऱ्हा. कापड इतकं चिमुकलं की सुई ते टाक्यासकट खालच्या भोकात ओढून नेई आणि बॉबिनभोवती त्याचा लाडू वळे. ही शेवटी कळवळली. तिनं कापडाखाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवली, कागदासकट शिवलं आणि मग कागद टराटरा फाडून काढला. शिवण सरळ! पन्नास वर्षं हे तंत्र तिच्याकडे होतं आणि मी तिला पिशव्या शिवणारी समजत होतो. आता म्हातारीच्या पोलक्याच्या शिवणीत अजून 'सोयाबीनची आवक' एवढी अक्षरं अडकलेली आहेत. उलटं केल्याशिवाय दिसत नाहीत.

हूकही सहानं भागत नाही. बाजारातलं लहानात लहान टिचबटण तिच्या पाठीवर परातीएवढं दिसलं. शेवटी दोऱ्याचं लूप आणि एक मणी.

पोशाख झाला, पण बाई म्हातारी दिसेना. केस सोनेरी, दात पांढरेशुभ्र, पाय कायम टाचा उचललेले. जंगलातून, वाघसिंहांमधून चाललेली बाई इतकी हसते कशाला? पायांचा प्रश्न काठी देऊन सोडवला. टाचा उचलून ती वाघ येतोय का बघते आहे, असं म्हणायचं. केसांसाठी सुनेनं सांगितलं, अंबाडा बांधा आणि वरून कढत पाणी ओता, मग तो मोडत नाही. आमच्या गावात पाणी ओतणं ही साधी गोष्ट नाही. वागदर्डी धरणाची पातळी इथं शेंबड्या पोरालाही तोंडपाठ असते आणि नळ कधी येणार यावर लग्नाच्या तारखा ठरतात. "बाहुलीच्या डोक्यावर?" ही म्हणाली. "माझं न्हाणं मी मंगळवारवर ढकललंय!" तडजोड म्हणून चहाच्या आधणातलं अर्धा कप पाणी मंजूर झालं. मी मोरीत एका हातानं बाईचा गळा धरून दुसऱ्या हातानं तिच्या डोक्यावर उकळतं पाणी ओतत होतो, नेमके तेव्हा शेजारचे रिटायर्ड गार्डसाहेब पेपर मागायला आले. दारातूनच परत गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःचा पेपर लावला.

भोपळ्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण आठवण ताजी आहे आणि वासही. रविवारच्या बाजारातून मोठं डांगर आणलं. बाईचे गुडघे नीट वाकत नाहीत, म्हणून तळ पोखरून पाय खाली सोडले आणि वरून तोंड बाहेर काढलं. शोकेसमध्ये ठेवलं. काय देखणं दिसलं! चार दिवस मी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं. आठव्या दिवशी शोकेसमध्ये चिलटं आली, दहाव्या दिवशी म्हातारी आपल्या आपण कमरेपर्यंत खाली गेली. वडिलांच्या धोतराला पिवळा डाग पडला तो पडलाच. ही म्हणाली, राहू दे, प्रवासातला आहे.

दुसरी बाहुली राणीची करायची होती. येवला काही लांब नाही, एसटीनं गेलो. पैठणीच्या दुकानात "आठ इंच पन्ह्याची मिळेल का" म्हटल्यावर त्यांनी मला पाणी दिलं. मग हिच्याच एका जुन्या पैठणीचा विरलेला पदर मिळवला. कसा मिळवला ते विचारू नका, त्या बदल्यात नवी घ्यावी लागली. मोठ्या हौसेनं गुंडाळला तर राणीच्या गळ्यापासून गुडघ्यापर्यंत एकच मोर. तोही सहापट. राणी त्याच्या पोटातून बाहेर डोकावते आहे असं वाटे. मोर कापायला हिनं बंदी घातली, म्हणून शेवटी नुसता काठाचा अर्धा इंच उभा कापून साध्या जांभळ्या रेशमाला लावला.

राणी आली म्हणजे राजा आला. आणि राजा आला तेव्हा मला उशिरानं आठवलं की कपड्यावरच उभी असलेली एक गोष्ट आपल्याकडे आहे. उंदराला चिंधी सापडते, तो ती धोब्याकडून धुऊन घेतो, शिंप्याकडून गोंडेवाली टोपी शिवून घेतो आणि तिच्यापायी राजाची अब्रू काढतो. खुद्द शिंपी असलेली गोष्ट सोडून मी डांगराच्या मागे लागलो होतो. सुनेनं कुठूनसा लोकरीचा उंदीर पाठवला. टोपी मात्र मला साधेना. तीन केल्या, तिन्ही त्याच्या नाकावर उतरल्या. चौथ्या वेळी मी ते बाड घेऊन पुन्हा मास्तरांकडे गेलो. दुकानात गर्दी होती. त्यांनी उंदराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हा राहू द्या घरी. टोपी बघतो."

चार दिवसांनी सकाळची पंचवटी एक्सप्रेस गेल्यावर मास्तर स्वतः दारात. हातात काड्यापेटी. आत कापसावर लाल सॅटिनची टोपी, आतून अस्तर, कडेला मोत्याएवढे सात गोंडे. मी ती लोकरीच्या उंदरावर ठेवली. कानांच्या मधोमध बसली, हलेना.

"मास्तर, माप कुणाचं घेतलंत?"

"गिऱ्हाईक आहे की दुकानात," मास्तर चहाची बशी पुढे ओढत म्हणाले. "रात्री येतं. दोन मीटर अस्तर खाल्लंय आजवर. पिंजऱ्यात सापडलं परवा, माप घेतलं आणि सोडून दिलं."

"सोडलंत?"

"उधारी आहे ना त्याच्याकडे."